वेदना लपविणे हा सब्र आहे काय?

प्रेषित मुहम्मद (स.) यांचा एक दृष्टांत आपण जुमाच्या खुतब्यात, इज्तिमात, लहानपणीच्या दीनी वर्गात कितीतरी वेळा ऐकला आहे. हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांनी कथन केलेली ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आली आहे. तिचा आशय असा की, परस्पर प्रेम, दया आणि जिव्हाळा यांबाबतीत श्रद्धावंतांची स्थिती एका शरीरासारखी असते; त्यातील एका अवयवास पीडा झाली की उरलेले सगळे शरीर जागरणाने आणि तापाने तिच्यात सहभागी होते. ही हदीस आपल्या इतकी ओळखीची झाली आहे की तिच्यातील दोन शब्दांपाशी आपण थांबत नाही. जागरण आणि ताप. दोन्ही गोष्टी त्रासाच्या आहेत, आणि त्या दुखऱ्या अवयवाला नव्हे, तर न दुखणाऱ्या अवयवांना सोसाव्या लागतात.

मी या शब्दांपाशी थांबलो तो घरातील एका प्रसंगामुळे. माझे बडे अब्बा, म्हणजे वडिलांचे थोरले बंधू, एस.टी.त चालक होते. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली होती आणि मधुमेह त्याहून जुना होता. वैशाखातील एका जुम्याला वजूच्या हौदापासून मशिदीच्या दारापर्यंत ते अनवाणी चालत आले. अंतर वीस-पंचवीस पावलांचे, पण शहाबादी फरशी दुपारच्या उन्हाने तापलेली. आम्ही तरुण मंडळी चटके बसतात म्हणून टाचा उचलून पळालो. ते आपल्या नेहमीच्या संथ चालीने आले. त्यांच्या त्या शांतपणाचे आम्हाला कौतुकच वाटले. त्या दिवशी त्यांच्या उजव्या तळव्याला मोठा फोड आला होता, हे आम्हाला कळायला सव्वा महिना लागला.

घरात त्यांच्या धाकट्या मुलीच्या निकाहची तयारी चालली होती. फोड फुटला, जखम झाली, ती चिघळली, तिला वास येऊ लागला. तेव्हा बडे अब्बांनी मोजे घालायला सुरुवात केली. एवढ्या उकाड्यात मोजे कशाला, असे कुणीतरी हसत विचारलेही होते. उत्तराची वाट कुणी पाहिली नाही. निकाह पार पडला. तिसऱ्या दिवशी त्यांना हुडहुडी भरून ताप आला आणि डॉक्टरांनी मोजा काढला. पुढे अर्धे पाऊल कापावे लागले. शस्त्रक्रियेनंतर मी उशाशी बसलो असता ते म्हणाले, "सब्र केला होता, बेटा. लग्नाच्या घरात कशाला सांगायचे?"

वाचकहो, या वाक्याला मी तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही. तो सब्र होता काय? आणि प्रेषितांनी (स.) सांगितलेल्या त्या एका शरीरात दोष कुणाचा मानायचा, न सांगणाऱ्या अवयवाचा की न जाणणाऱ्यांचा?

आधी निरोगी शरीरात काय घडते ते पाहू. शेताच्या बांधावरून चालताना उजव्या पायात बाभळीचा काटा रुतला असे समजा. त्वचेतील चेतातंतूंची टोके तत्क्षणी संदेश धाडतात. तो दोन वाटांनी जातो. एक वाट वेगवान, सेकंदाला 5 ते 30 मीटर अंतर कापणारी. दुसरी सावकाश, सेकंदाला जेमतेम 2 मीटरची. म्हणून आधी तीक्ष्ण कळ येते आणि मागाहून ठणका सुरू होतो. पण कळ मेंदूला जाणवण्यापूर्वीच पाय वर उचलला गेलेला असतो, कारण तो हुकूम पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूने परस्पर दिलेला असतो. त्याच वेळी आणखी एक गोष्ट घडते, जिच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. उजवा पाय उचलला जात असतानाच डाव्या पायाचे स्नायू ताठ होतात. सबंध देहाचा भार आता त्या एका पायाला पेलायचा असतो. काटा त्याला रुतलेला नाही, त्याच्यापर्यंत वेदना पोहोचलेली नाही, तरीही तो उभा राहिला नाही तर माणूस कोसळेल. ही व्यवस्था इतकी जुनी आणि इतकी खोल आहे की तिच्यासाठी विचार करण्याची गरजच पडत नाही.

पुढचे काम रक्ताचे. जखमेच्या तोंडाशी रक्तातील बिंबिका एकमेकींना चिकटून बूच तयार करतात. आसपासच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, जागा लाल आणि गरम होते, आणि पांढऱ्या पेशी वाहिन्यांच्या भिंतींतून वाट काढत जखमेत उतरतात. त्यांतील बहुतेक परत येत नाहीत. ज्याला आपण पू म्हणून नाक मुरडतो, त्यात मोठा भाग या मेलेल्या पेशींचाच असतो.

जंतू तरीही आवरले नाहीत तर जखमेतील पेशी रक्तात काही रसायने सोडतात. ती मेंदूच्या तळाशी असलेल्या अधश्चेतकापर्यंत खबर पोहोचवतात. शरीराचे तापमान किती असावे हे तेथे ठरते. ताप म्हणजे जंतूंनी लावलेली आग, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ती आग शरीर स्वतः पेटवते. अधश्चेतक तापमानाची पातळी वर नेऊन ठेवतो आणि मग प्रत्येक अवयव ती पातळी गाठण्यासाठी कामाला लागतो. त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून अंगात ताप असताना माणसाला थंडी वाजते. स्नायू थरथरून उष्णता निर्माण करतात. तापमान एका अंशाने वाढले की हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण 10 ने वाढतात आणि शरीराचा इंधनखर्च दहा टक्क्यांहून अधिक वाढतो. अस्थिमज्जा नव्या पांढऱ्या पेशी रक्तात सोडते. जंतूंना वाढीसाठी लोह लागते, म्हणून यकृताच्या इशाऱ्यावरून ते रक्तातून काढून दडवून ठेवले जाते. भूक मंदावते. आजार लांबला तर स्नायू स्वतःचे प्रथिन मोडून त्याचे घटक यकृताला देऊ लागतात. दीर्घ तापातून उठलेला माणूस वाळलेला दिसतो तो यामुळे. झोप तुटक होते.

प्रेषितांच्या (स.) दृष्टांतातून आधुनिक वैद्यक काढून दाखविण्याचा मोह आपल्याकडे अनेकांना होतो. मला तो टाळायचा आहे. ज्यांनी हे शब्द प्रथम ऐकले त्यांनी ताप भोगलेला होता, आजाऱ्याच्या उशाशी रात्री काढलेल्या होत्या; अर्थ कळायला त्यांना प्रयोगशाळेची गरज भासली नाही. मला शरीराच्या या कारभारात दिसते ते एवढेच की, एका तळव्याच्या दुखण्यासाठी यकृत, हृदय, मज्जा आणि स्नायू या सर्वांना आपल्या शिलकीतून काही ना काही द्यावे लागते. नुसता हळहळणारा अवयव शरीरात एकही नाही.

मग आमच्या घरी काय झाले? आम्ही तर एकाच दस्तरखानावर जेवत होतो. याचा विचार करताना मला इब्ने नफीस यांची आठवण होते. दमास्कस येथे शिकून कैरोत वैद्यकी केलेल्या या तेराव्या शतकातील विद्वानांनी इब्ने सीना यांच्या 'कानून' या ग्रंथातील शरीररचनेच्या भागावर भाष्य लिहिले. त्या काळी ग्रीक वैद्य जालीनूस यांचे मत प्रमाण मानले जाई: हृदयाच्या उजव्या कप्प्यातील रक्त मधल्या पडद्यातील अदृश्य छिद्रांतून पाझरून डाव्या कप्प्यात जाते. इब्ने नफीस यांनी स्पष्ट लिहिले की हा पडदा जाड आहे, त्यात उघडे वा गुप्त कोणतेही छिद्र नाही. उजवीकडचे रक्त आधी फुफ्फुसात जाते, तेथे हवेशी मिसळते आणि मगच डावीकडे येते. युरोपात विल्यम हार्वे यांचा रक्ताभिसरणावरील ग्रंथ आला तो 1628 मध्ये. इब्ने नफीस यांचे हे भाष्य मात्र विस्मरणात गेले होते. 1924 मध्ये ततावी नावाच्या इजिप्शियन डॉक्टरांना ते बर्लिनच्या ग्रंथालयातील हस्तलिखितात सापडले. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना असलेले हे दोन कप्पे. बोटाच्या रुंदीएवढेही अंतर नाही, तरी एकाचे रक्त दुसऱ्यापर्यंत पोहोचायला फुफ्फुसातून फेरी घालावी लागते. जवळ असणे आणि पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्ही सव्वा महिना बडे अब्बांच्या मांडीला मांडी लावून जेवत असताना शिकलो.

त्यांच्या पायाला तो चटका जाणवलाच नव्हता. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की चेतातंतू झिजतात, आणि सर्वांत लांब तंतू आधी. म्हणून बधिरपणाची सुरुवात पायांच्या बोटांपासून होते. पुढे जखम दिसली तेव्हा ती त्यांनी लपवली, हे खरे. पण ती रोज ठणकली असती तर त्यांनाही ती इतके दिवस लपवता आली नसती.

वेदना नसणे ही केवढी आपत्ती आहे, हे डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांच्या सेवेत असताना ओळखले. रुग्णांची बोटे कुष्ठरोगामुळे आपोआप गळून पडतात, असा तेव्हा समज होता. ब्रँड यांना दिसले ते वेगळेच. बोटांना वेदना कळत नाही, म्हणून ती चुलीवरच्या भांड्याने भाजतात, खिळ्याने फाटतात, आणि त्याच जखमेनिशी माणूस काम करीत राहतो. बोटे झिजतात ती अशी. पुढे अमेरिकेत त्यांनी अशा रुग्णांसाठी कृत्रिम वेदनेचे यंत्र बनविण्याचा प्रयत्न केला. हातमोज्यात दाब ओळखणारे भाग बसवले आणि धोक्याच्या क्षणी रुग्णाला इशारा मिळेल अशी सोय केली. हा प्रयत्न फसला. नको त्या वेळी इशारा आला की रुग्ण यंत्र बंद करीत आणि हातातले काम पुरे करीत.

दुसरी हकीकत त्याहून करुण आहे. 2006 मध्ये एका वैज्ञानिक नियतकालिकात उत्तर पाकिस्तानातील काही कुटुंबांविषयी संशोधन प्रसिद्ध झाले. त्या कुटुंबांतील काही मुलांना जन्मतःच वेदना कळत नव्हती. त्यांतला एक मुलगा रस्त्यावर खेळ करून दाखवी. दंडात सुरी खुपसून घेई, निखाऱ्यांवरून चाले. बघणाऱ्यांना तो चमत्कार वाटत असणार. चौदावा वाढदिवस येण्याआधीच छपरावरून उडी मारून तो मरण पावला. वेदनेपासून सुटका म्हणजे सुख, असे आपण मानतो. वेदना हीसुद्धा अल्लाहची नेमत आहे, हे त्या मुलाच्या आईइतके कुणाला ठाऊक असेल?

आता सब्रकडे वळू. पवित्र कुरआनात हजरत अय्यूब (अ.स.) यांचा उल्लेख सब्रचा आदर्श म्हणून येतो. पण त्याच कुरआनात त्यांनी आपल्या रबला हाक मारून, मला पीडेने गाठले आहे, असे सांगितल्याचेही नमूद आहे. त्या हाकेने त्यांचा सब्र उणा झाला नाही. सूरह सॉद मध्ये त्यांना सब्र करणारा उत्तम बंदा म्हटले आहे. हजरत याकूब (अ.स.) पुत्रवियोगात इतके रडले की त्यांचे डोळे पांढरे झाले, आणि आपले दुःख त्यांनी अल्लाहपाशी मांडले. कुणी म्हणेल, ही गाऱ्हाणी अल्लाहपुढची होती, माणसांपुढची नव्हेत. मग प्रेषितांच्या (स.) घरात पाहावे. हजरत आयेशा (रजि.) यांनी डोके दुखत असल्याचे बोलून दाखवले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना गप्प केले नाही, आपलेही डोके दुखते आहे, असेच उद्गार काढले. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांनी त्यांच्या अंगाला हात लावून, आपल्याला फार ताप आहे, असे म्हटले असता, तुमच्यापैकी दोघांना येईल इतका ताप मला येतो, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. दुखते आहे असे म्हणणे आणि अल्लाहच्या निर्णयावर रुष्ट होणे या दोन गोष्टी त्या घरात कधी एक मानल्या गेल्या नाहीत. आपल्या घरांत मात्र त्या एक झाल्या आहेत, असे मला वाटते.

त्याहून वाईट असे की, सब्र हा शब्द आपण दुसऱ्यासाठी वापरू लागलो आहोत. सासरी मार खाणारी मुलगी माहेरी येऊन अंगावरचे वळ दाखवते आणि तिला सांगितले जाते, सब्र कर. नोकरी गेलेला तरुण महिनोन् महिने डबा घेऊन सकाळी घराबाहेर पडतो, कारण बापाला सांगितले तर काय ऐकावे लागेल हे त्याला पाठ असते. ज्याला दुखते त्याने केलेला सब्र हा त्याचा आणि त्याच्या रबचा मामला आहे. ज्याला दुखत नाही त्याने तो उपदेशिला की चेतातंतू कापण्याचेच काम होते. सुनन अबू दाऊदमध्ये एक प्रसंग आला आहे. प्रवासात एकाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. त्याला गुस्लची गरज पडली, तेव्हा तयम्मुमची सवलत मिळेल का, असे त्याने सोबत्यांना विचारले. पाणी उपलब्ध असताना सवलत नाही, असे ते म्हणाले. त्याने गुस्ल केले आणि तो मरण पावला. प्रेषितांना (स.) हे कळले तेव्हा ते संतापले. त्यांनी सोबत्यांना त्याच्या मृत्यूस जबाबदार धरले आणि ठाऊक नव्हते तर विचारायचे होते, असे बजावले. त्या जखमी माणसाने आपली वेदना सांगितली होती, हे येथे विसरू नये. अवयवाने आपले काम केले होते.

तरीही बडे अब्बांच्या गप्प राहण्याला मी नुसती चूक म्हणू शकत नाही. त्यात मुलीवरची माया होती. स्वतःचे दुःख झाकून दुसऱ्याचा आनंद राखण्याची ही रीत आपल्या वडीलधाऱ्यांत खूप आहे, आणि तिच्यामुळे कितीतरी घरे उभी राहिली आहेत. सूरह बकरहमध्ये अशा गरजवंतांचा उल्लेख आहे, जे स्वाभिमानापोटी कुणाच्या मागे लागून मागत नाहीत आणि अजाण माणसाला संपन्न वाटतात. कुरआन त्यांना तोंड उघडून मागा असे सांगत नाही. त्यांना तुम्ही त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखाल, असे म्हणतो. ही आयत मी पूर्वी कितीदा वाचली होती. ती 'त्यांच्या'विषयी आहे असे वाटायचे. ओळखण्याचे काम ज्यांच्यावर टाकले आहे त्यांच्याविषयीही ती आहे, हे त्या मोज्यांनंतर ध्यानात आले.

यावर एक आक्षेप संभवतो. दुसऱ्याच्या घरात डोकावणे इस्लामला मान्य नाही. सूरह हुजुरातमध्ये हेरगिरीची स्पष्ट मनाई आहे. हे योग्यच आहे, आणि शरीरालाही ही मर्यादा ठाऊक असते. पांढऱ्या पेशी अहोरात्र गस्त घालतात, पण आपल्याच पेशींना परके समजू लागल्या तर सांधे सुजून वाकडे होतात. संधिवाताचा एक प्रकार असाच होतो. शेजाऱ्याच्या घरी कोण आले, कोण गेले याची नोंद ठेवणारा मोहल्ला जागरूक असतो असे नाही. बहुधा त्याच मोहल्ल्यात तीन दिवस चूल न पेटलेले घर कुणाच्या लक्षात येत नाही.

बधिर पायाचे काय करायचे, हे शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी आम्हाला सांगितले. गेलेली संवेदना औषधाने परत येईल अशी आशा धरू नका. रोज तळवा पाहा. त्याला स्वतःला वाकून दिसत नसेल तर आरसा धरा, नाहीतर दुसऱ्या कुणीतरी पाहा. बोटांच्या बेचक्या पाहा, टाच पाहा, चपलेत हात घालून खडा आहे का ते पाहा. गरम पाणी पायावर घेण्यापूर्वी दुसऱ्याने हात बुडवून पाहा. पाय सांगणार नाही, हे धरूनच चाला.

मशिदीत आता हौदापासून दारापर्यंत काथ्याची लांब चटई आहे. ती कुणी आणली हे मी विचारले नाही. एका जुम्याला ती होती आणि सगळे तिच्यावरून चालत गेले. घरी इशाची नमाज झाली की बडे अब्बांचा पाय पाहण्याचे काम त्यांच्या आठ वर्षांच्या नातीकडे आहे. पहिल्या काही रात्री त्यांनी संकोचाने पाय मागे ओढून घेतला होता. लहान मुलीपुढे तळवा धरायचा हे त्यांना पटत नव्हते. आता तेच पलंगावर बसून पाय पुढे करतात, आणि तिने बॅटरी लावली की विचारतात, "काय दिसतंय ग?"